शेतकरीण म्हणजे कोण?

उंबरमाळ, ता. इगतपुरी
११ जुलै २०२५

‘गंगाकाठ’ या नावानं ‘अक्षरपेटी’वर वावरणाऱ्या संपादकांना,

तुमचं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून पाकिटावर टोपणनावच टाकलं आहे. पोस्टातले साहेब हसले. हसू देत.

कागदावर लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. तुमच्या त्या ऑनलाइन कोशात मला नव्वद दिवसांची बंदी घातली आहे. संपर्काच्या पानावर ‘स्रोतांच्या प्रती इथं पाठवाव्यात’ म्हणून गंगापूर रोडचा पत्ता दिसला, तो बंद करायला तुम्ही विसरलात.

तुमच्या कोशात ‘शेतकरीण’ शब्दापुढे एकच अर्थ आहे : ‘शेतकऱ्याची पत्नी’. मी तो बदलून ‘शेती करणारी स्त्री’ असं केलं. तुम्ही पुसलं. मी परत केलं, तुम्ही परत पुसलं. असं चारदा झालं. दर वेळी तुमचं एकच वाक्य : ‘विश्वासार्ह स्रोत द्या.’ मी म्हटलं, अहो, आमच्या गावात या, बांधावर उभे राहा आणि डोळ्यांनी बघा. त्यावर तुमचं उत्तर : ‘वैयक्तिक अनुभव हा स्रोत नव्हे.’

मग स्रोत म्हणजे काय? ज्यानं चिखलात कधी पाय घातला नाही त्यानं पुस्तकात लिहिलं की ते खरं, आणि जी बाई पन्नास वर्षं भात लावते तिचं म्हणणं खोटं? मास्तरीण शाळेत शिकवू शकते, मग शेतकरणीनं काय फक्त नवऱ्याचा डबा घेऊन जायचं?

हे मी भाषेच्या प्रेमापोटी लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही. तुम्ही वयानं लहान असाल तर जरा मोठ्यांचं ऐकायला शिका. उत्तराची वाट पाहते.

उज्वला धोंगडे

●

गंगापूर रोड, नाशिक
१८ जुलै २०२५

उज्वलाताई,

पत्र मिळालं. आमच्या सोसायटीत ‘गंगाकाठ’ कोण म्हणून पोस्टमननं तीन मजले पालथे घातले, तेव्हा माझं नाव कळवतो : उपेंद्र गायधनी. वय एकाहत्तर. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. मोठ्यांचं ऐकायला शिकायचं आहेच, पण आता फार थोडे उरलेत.

तुमचा राग समजतो. तुम्ही बहुधा विद्यार्थिनी असाल. पुण्या-मुंबईकडच्या शिबिरातून परतल्यावर शब्द बदलायची घाई असते. माझं म्हणणं नीट ऐका.

आमच्या कोशात कोणीही लिहू शकतं. म्हणूनच नियम कडक आहेत. अर्थ बदलायचा तर दोन पुरावे लागतात. ते छापील असावेत, त्यांवर तारीख असावी आणि ते लिहिणाऱ्याचा त्या वादात काही लाभ नसावा. परवाच्या चर्चेत तुमच्या बाजूनं एकानं फिरता मेसेज चिकटवला. दुसऱ्यानं एका संकेतस्थळाचा दुवा दिला. मी उघडून पाहिलं तर त्या संकेतस्थळानं अख्खा मजकूर आमच्याच कोशातून उचललेला, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट! म्हणजे आपणच बोलायचं आणि प्रतिध्वनी आला की साक्षीदार मिळाला म्हणायचं. विरुद्ध बाजूकडे निदान तीन जुने छापील कोश आहेत.

तुम्ही बरोबर असालही. पण बरोबर असणं आणि ते दाखवता येणं, ह्या दोन गोष्टी आहेत. मी दुसरीचा राखणदार आहे.

बंदीबद्दल : चारदा खोडाखोड केली की ती आपोआप लागते. मलाही एकदा लागली होती.

उपेंद्र गायधनी

●

उंबरमाळ
२९ जुलै २०२५

आदरणीय गायधनी काका,

वयाचं लिहिलं त्याबद्दल माफ करा. पण मीही विद्यार्थिनी नाही. दोन लेकरांची आई आहे. यजमान देवळाली कॅम्पला नोकरीला असतात, मी इथं सासू-सासऱ्यांजवळ. गेले पंधरा दिवस भाताची आवणी चालू होती. रोपं उपटून चिखलात लावायची, सकाळपासून कंबर वाकलेली. म्हणून उत्तराला उशीर. कागदावर डाग दिसतील ते चिखलाचे आहेत.

भाषेच्या प्रेमापोटी लिहिते म्हटलं ते अर्धंच खरं होतं. आता सगळं सांगते.

आमच्या गावात यंदा भात बियाणे संघ निघाला. जुनी वाणं जपायची, कुणी कुठलं बी राखलं त्याची नोंद करायची, असं काम. माझ्या सासूबाई लंकाबाई यांनी काळ्या कुसाचा, म्हणजे दाण्याच्या टोकाला काळं कुसळ असलेला, एक गरवा भात, म्हणजे उशिरा पिकणारा, छत्तीस वर्षं राखला आहे. सगळ्यांनी संकरित बी घेतलं तेव्हाही एका खाचरात हा वेगळा लावायच्या. आज गावात चार घरांत ते बी आहे, ते सगळं त्यांच्याच कणगीतून गेलेलं.

२२ जूनला पहिली सभा झाली. नियम असा : ‘गावातील कोणताही शेतकरी वा शेतकरीण सभासद होऊ शकेल.’ सासूबाई अर्ज घेऊन पुढं गेल्या. अध्यक्ष नवनाथभाऊ म्हणाले, “वहिनी, तुमचं नाय बसत.”

“का नाय बसत?”

“शेतकरी म्हंजे ज्याच्या नावावर जमीन हाय आन् जो ती कसतो. तुमच्या नावावर नाय.”

“मग शेतकरीण म्हणून घाला.”

भाऊंनी मोबाइल काढला आणि मोठ्यानं वाचलं, “शेतकरीण, म्हणजे शेतकऱ्याची पत्नी. हे बघा, कोशात हाय, मी नाय म्हणत. आन् गेणूभाऊ तर रेल्वेत होते! ते शेतकरी नाय, मग तुम्ही शेतकरीण कशा?”

लोक हसले. काका, तो तुमचा कोश होता.

माझे सासरे गेणू धोंगडे इगतपुरीला रेल्वेच्या गँगवर अडतीस वर्षं होते. जमीन त्यांच्या नावावर, पण नांगराला त्यांनी हात लावला नाही, हे ते स्वतःच सांगतात. म्हणजे आमच्या घरात जमीन आहे, भात आहे, छत्तीस वर्षं राखलेलं बी आहे, पण शेती करणारं माणूस कुणीच नाही! सासूबाई त्या दिवशी घरी आल्या, राबाची, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची, जागा साफ करत बसल्या. नोंद सभासदाच्याच नावानं होते, म्हणजे आता ती त्या चारांपैकी दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं होणार. वार्षिक सभा १६ नोव्हेंबरला आहे.

सोबत गावच्या शाळेच्या दाखल रजिस्टराची प्रत जोडते. १९७९ सालात एका मुलाच्या आईपुढे ‘धंदा : शेतकरीण’ असं लिहिलं आहे, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. हे चालेल ना?

उज्वला

●

नाशिक
५ ऑगस्ट २०२५

उज्वलाताई,

हे पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. ज्याचा वादात लाभ आहे त्यानं तो आधी सांगावा, हा आमचा पहिला नियम.

शाळेची नोंद चालणार नाही. ती छापील नाही, आणि त्या मुलाचा बाप शेतकरी होता की नाही हे तीवरून कळत नाही. तो शेतकरी असला तर विरुद्ध बाजू म्हणेल, ‘बघा, पत्नीच.’ तुम्हाला असा पुरावा हवा की जिथं नवरा शेतकरी नाही आणि तरी बाई शेतकरीण आहे.

एके काळी तालुक्याला भातपीक स्पर्धा होत. त्यांचे अहवाल छापले जात. ते सरकारी कपाटांत पडून असतात. शोधा.

एक विचारतो. तुमच्या सासऱ्यांच्या आईवडिलांची नावं काय? ते मूळचे उंबरमाळचेच का?

उपेंद्र गायधनी

●

उंबरमाळ
३० ऑगस्ट २०२५

काका,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. शब्दाच्या भांडणात आमचं कूळ-मूळ कशाला हवं? सासूबाई म्हणाल्या, “इचारू दे. आपल्याला काय चोरून ठेवायचंय?” म्हणून लिहिते. वडील कोंडाजी, आई भागीबाई. मूळचे इथलेच. कोंडाजी मामंजींच्या लहानपणीच गेले. वडिलांचं यापलीकडं मामंजींना काही आठवत नाही.

आता चांगली बातमी. तालुक्याच्या कृषी खात्याच्या अडगळीच्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा किल्ली नव्हती, दुसऱ्यांदा माणूस नव्हता. तिसऱ्यांदा दोन्ही होतं, आणि त्यांनी मला एका कपाटापुढं सोडून दिलं. वाळवीनं निम्मं खाल्लेलं. पण १९६१ चा स्पर्धा अहवाल सापडला! पान चौदा, मी जशाच्या तशा ओळी उतरवते :

‘दुसरे बक्षीस सौ. अनसूयाबाई या शेतकरणीस देण्यात आले. पती मुंबईस गिरणीत नोकरीस असून सर्व मशागत बाई स्वतः करतात.’

छापील, तारखेसह, आणि लिहिणारा साहेब कधीच गेलेला. त्याचा काय लाभ असणार? पानाची आणि मुखपृष्ठाची प्रत जोडली आहे. अडगळीच्या खोलीत मी एकटीच मोठ्यानं ओरडले, कारकून धावत आला.

आता एकच पुरावा हवा. आहे ना हा पक्का?

उज्वला

●

उंबरमाळ
२२ सप्टेंबर २०२५

काका,

तीन आठवडे झाले. पोचलं का पत्र? तुम्हाला वाईट वाटेल असं लिहिलं गेलं असेल तर रागवा, पण उत्तर द्या. भात पोटरीत आला आहे, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि सभेला दोन महिनेसुद्धा उरले नाहीत.

उज्वला

●

नाशिक
६ ऑक्टोबर २०२५

चि. उज्वला,

रागावलो नव्हतो. पंचवटीत होतो.

आधी एक कबुली. तुझ्या सासूबाईंना ज्या ओळीनं अपमान सोसावा लागला, ती मी लिहिलेली आहे. २०१६ साली कोश सुरू झाला तेव्हा जुन्या छापील कोशावरून एका दुपारी मी दोनशे शब्द चढवले, त्यातला हा एक. ‘शेतकऱ्याची पत्नी’ लिहिताना क्षणभरही थांबलो नाही. माझी बायको सुधा बाजूला बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच आहे पुस्तकात.” हे तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. लाभ आधी सांगावा हा नियम मी तुला शिकवला आणि स्वतः पाळला नाही. चूक कबूल करायला मला तीन महिने लागले.

आता दुसरं. आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. गोदावरीवर क्रियाकर्माला येणाऱ्या माणसांची नावं गावावार वह्यांत लिहून ठेवायची, हा आमचा पिढीजात धंदा. मी छापखान्यात गेलो, वह्या चुलतभाऊ देवव्रत सांभाळतो. तू गावाचं नाव पाकिटावर लिहितेसच. मला हवी होती फक्त माणसांची. म्हणून विचारलं. तुझं कूळ काढायचं नव्हतं गं, तुझा पुरावा काढायचा होता.

इगतपुरी तालुक्याच्या अकरा वह्या निघाल्या. मोडी, बाळबोध, पेन्सिल, काय वाट्टेल ते. देवव्रत म्हणाला, “दादा, डोळे जातील.” बावीस दिवस रोज जात होतो. तेविसाव्या दिवशी हे सापडलं :

‘शके १८७६, पौष. मौजे उंबरमाळ. भागीबाई, कै. कोंडाजी धोंगडे याची पत्नी, मुलगा गेणू वय वर्षे ५ यास घेऊन आली. कोंडाजीच्या अस्थी. कोंडाजी आगगाडीच्या गँगवर होता, कामावर असता वारला. बाई शेतकरीण. आपले हातचे तांदूळ पिंडास आणले.’

खाली निळ्या शाईतला अंगठा.

उज्वला, हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी त्या बाईला विचारलं असेल, करतेस काय? तिनं जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. कोश उघडून बघितला नाही.

आता अडचण. वही छापील नाही. शिवाय ती माझ्याच घरची आणि व्याख्याही माझीच, म्हणजे माझ्या नियमानं मी दोन्हीकडून बाद. म्हणून मी हे सगळं, माझ्या चुकीसकट, पाच संपादकांच्या मंडळापुढं मांडलं आहे आणि मतदानातून बाहेर पडलो आहे. चार जण ठरवतील. काय होईल ते मला सांगता येत नाही.

वहीच्या पानाची प्रत सोबत आहे. ती आधी गेणूभाऊंना दे.

उपेंद्र काका

●

उंबरमाळ
१३ ऑक्टोबर २०२५

काका,

प्रत मामंजींना वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि अंगठ्याच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. मग म्हणाले, “म्हंजे मी व्हतो तिथं. आईनं मला नेलं व्हतं.” वडिलांचं शेवटचं कुठं झालं, हे त्यांना सत्तर वर्षं माहीत नव्हतं. विचारायला माणूसही उरलं नव्हतं.

नंतर जेवले नाहीत. अंगणात खाट टाकून बसले. सासूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना असं शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं.

मतदान काय व्हायचं ते होऊ दे. एवढं मिळालं तरी मी तुमची ऋणी आहे. रागानं लिहिलं ते विसरा.

उज्वला

●

नाशिक
३० ऑक्टोबर २०२५

चि. उज्वला,

थोडक्यात लिहितो.

काल निकाल लागला. वही तीन विरुद्ध एक मतांनी ग्राह्य ठरली. तुझा अहवाल एकमतानं मान्य झाला, वहीवर आठ दिवस भांडण झालं. एकानं लिहिलं, ‘भटाची वही म्हणजे पुरावा? उद्या किराण्याची यादी आणाल.’ त्याला मंडळातल्या स्वरदा जोशींनी उत्तर दिलं, ‘किराण्याच्या यादीवर तारीख असेल आणि ‘शेतकरीण’ लिहिलेलं असेल, तर जरूर आणू.’ आता कायमचा नियम झाला आहे : तारीख असलेली हस्तलिखित नोंद, तिची प्रत सर्वांना पाहता येत असेल तर, ग्राह्य. महाराष्ट्रभरच्या वह्या, दाखल रजिस्टरं, सगळ्यांना दार उघडलं. तुझ्या शाळेच्या रजिस्टरालासुद्धा.

नवी नोंद तूच लिहावीस असं मंडळाचं म्हणणं. बंदी या महिन्यात संपली आहे.

सुधाला सांगितलं. ती म्हणाली, “नऊ वर्षांनी का होईना, ‘एवढंच’ नव्हतं हे कळलं ना!”

सभेला ताठ मानेनं जा.

उपेंद्र काका

●

उंबरमाळ
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय काका,

तुम्ही परवा यायला हवं होतं. आला नाहीत, तर आता मी सांगते तसं डोळ्यांपुढं आणा.

मारुतीच्या देवळापुढं मंडप. कापणी उरकलेली, त्यामुळं एरवी सभेकडं न फिरकणाऱ्या बायकासुद्धा आलेल्या. साठ-सत्तर तरी असतील. सासूबाईंनी जांभळं नऊवारी नेसलं होतं आणि ओटीत त्या काळ्या कुसाच्या लोंब्या घेतल्या होत्या.

अर्जांचा विषय निघाला. सासूबाई उठल्या. नवनाथभाऊ म्हणाले, “वहिनी, मागंच सांगितलं ना? कोशात...”

“कोशातच बघा,” सासूबाई म्हणाल्या. “वाचा. मोठ्यानं वाचा, मागच्यासारखं.”

भाऊंनी मोबाइल काढला. वर-खाली केलं. मागून कुणीतरी ओरडलं, “वाचा की भाऊ!” मग त्यांनी वाचलं, मी लिहिलेलं, शब्द न् शब्द :

“शेतकरीण. एक : शेती करणारी स्त्री. दोन : जुन्या वापरात, शेतकऱ्याची पत्नी.” त्याखाली पुरावे : १९६१ चा अहवाल, आणि शके १८७६ ची वही, भागीबाई धोंगडे, मौजे उंबरमाळ.

गावाचं नाव ऐकलं आणि मंडपात एकदम कालवा झाला. “आपलं उंबरमाळ? आपल्या भागीआजी?” म्हाताऱ्या माणसांना त्या आठवत होत्या. भाऊ म्हणाले, “हे कुणी बी बदलू शकतं. तुमच्या सुनेनंच बदललं असंल.”

मी उभी राहिले. म्हटलं, “हो, मीच लिहिलं. पण त्याआधी मी चारदा लिहिलं होतं आणि चारदा पुसलं गेलं. पाचव्यांदा टिकलं, कारण आता पुरावा आहे. तुमच्याकडं याच्या उलट पुरावा असला तर आणा. तिथं कुणालाही लिहिता येतं.”

तेवढ्यात मामंजी उठले. सभेत ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हणाले, “मी अडतीस वर्सं रुळाचे बोल्ट आवळले. माझ्या बापानं बी तेच केलं. आमच्या घरात भात पिकिवला तो माझ्या आईनं आन् हिनं. मी कुणाच्या जिवावर जेवलो, ते मला म्हाईत हाय. हिच्या नवऱ्याला काय म्हणायचं ते कोशात नसंल, तर तेवढं घाला म्हणावं.”

असा हशा पिकला की भाऊसुद्धा हसले. हात वर करा म्हटलं तर पुरुषांचेही हात वर गेले. एकही विरोधात नाही. बियाणे नोंदवहीत पहिली ओळ लिहिली गेली : ‘काळ्या कुसाचा गरवा. राखणार : लंकाबाई गेणू धोंगडे, शेतकरीण.’ सासूबाईंनी सही केली. त्यांना सही येते हे निम्म्या गावाला परवा कळलं.

मला वाटलं, झालं. पण बायका उठेनात. मग एकेक पुढं यायला लागली. जूनमध्ये ज्यांचे अर्ज नवऱ्यामागोमाग घेतले होते, त्यांच्या व्यवसायाच्या रकान्यात कारकुनानं सरसकट ‘गृहिणी’ लिहिलं होतं. प्रत्येकीला ते खोडून हवं होतं. रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली. जिचा नवरा शेतकरी आहे तीही म्हणायची, “मला दोन नंबरचं नको, एक नंबरचं लिहा.”

रांगेत शेवटी तेजल होती, नवनाथभाऊंची धाकटी. एकोणीस वर्षांची. बारावीनंतर वडिलांच्या रानात तीच पॉवर टिलर चालवते, सगळ्यांनी पाहिलं आहे. तिनं विचारलं, “माझं लग्न नाय झालं. मला लिहिता येईल का?”

जुन्या अर्थानं त्या पोरीनं शेतात जन्म घालवला असता, तरी ती शेतकरीण झाली नसती.

कारकून भाऊंकडं बघायला लागला. भाऊंनी कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं, अर्ज आपल्याकडं ओढला आणि मोठ्यानं म्हणत म्हणत स्वतःच्या हातानं लिहिलं :

“तेजल नवनाथ भोर. वय एकोणीस. शेतकरीण.”

तुमची
उज्वला